बाही बाळाची की बाहुलीची

वाशी, १० मे १९८४

मासिकाला पाठवलेला बाळाच्या स्वेटरचा नमुना चुकलाय. दुपारी ताई माझ्या कार्बन प्रतीवरून विणत होती. बाही वर धरून म्हणाली, "काय गं, ही बाळाची की बाहुलीची?"

दर सहाव्या ओळीला टाके कमी करायचे होते. मी लिहिलंय, दर ओळीला. कागद उतरवताना ताईची मुलं भांडत होती, गच्चीवर कुरडया वाळत होत्या, मी दहादा उठले. पण मग पाठवण्याआधी आईनं यावरूनच विणून पाहिलेला स्वेटर बरोबर कसा? तिला वाचता येत नाही, मीच तर वाचून दाखवत होते!

आईला विचारलं. म्हणाली, "तू सांगितलंस तसं केलं असतं तर हात गेला नसता त्यात. म्हणून मी माझं केलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बी.ए. मला वाटलं, कागदावर असंच लिहीत असतील."

कुठल्यातरी गावात कुणी हौसेनं लोकर आणेल आणि बाही अशी. उद्या पहिल्या बसनं संपादिकाबाईंकडे जाऊन सांगायचं. छापून झालं असलं तर? पुन्हा काम देतील? सहाव्या. एवढा एक शब्द.

दिवेलागणीला पाठवायचे राहिलेले दोन नमुने काढले. आईला बजावलं, मी वाचते त्याहून हात वेगळा चालला की मला ओरडायचं.

"बी.ए.ला ओरडू?" म्हणाली आणि सुया घेतल्या.

पहिल्याच बाहीला थांबली.