डाव्या हातानं लिहिलेली उत्तरं

आई,

काल संध्याकाळी इथल्या शाळांच्या पालकांची सभा होती. तिसरीपासून पुन्हा कर्सिव्ह शिकवायचं की तो वेळ टायपिंगला द्यायचा, यावर दीड तास खल चालला. एक बाई म्हणाल्या, मुलं उद्या चेकवर सही कशी करणार? मागून कोणीतरी विचारलं, चेक लिहितंय कोण? अमेरिकेतल्या या डब्लिनमध्ये आपली माणसं पुष्कळ, त्यामुळे सभा संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये मराठीतून दुसरी सभा भरली. शेजारची मैत्रीण म्हणाली, "यार, माझा मुलगा पेन्सिल चमच्यासारखी धरतो. त्याला आधी तेवढं शिकवा, कर्सिव्ह राहू दे." सगळे हसले, मीही हसले. एरवी कुठल्याही विषयावर तोंड उघडणारी मी काल मात्र गप्प होते, आणि का ते फक्त तुलाच सांगता येईल. तू जाऊन आठ वर्षं झाली, तरी तुलाच.

नागपूरच्या मुलींच्या शाळेत तू तीस वर्षं इंग्रजी शिकवलंस आणि घरी आल्यावरही बाईच राहिलीस. मी ओट्याजवळ पाटावर बसलेली आहे, पुढ्यात चार रेघी वही, आणि तू पोळ्या लाटता लाटता मान वळवून बघतेस. "शेपूट खालच्या रेघेला टेकलं पाहिजे. मध्येच काय लोंबतंय ते?" एकदा पानभर 'जी' काढून झाले आणि तू ते पान पिठाच्या हातानं टर्रकन फाडलंस. मी तेव्हा दहा वर्षांची. फार राग आला होता, खरं सांगायचं तर अजून येतो. पण लग्नसराईत लोक पत्रिकांचे गठ्ठे घेऊन तुझ्याकडे पत्ते घालून घ्यायला यायचे, तू पदर खोचून बसायचीस, आणि मी शाई वाळेपर्यंत एकेक पाकीट सतरंजीवर मांडायचे. त्या वेळी तुझ्या अक्षराचा मला जेवढा अभिमान वाटायचा, तेवढा माझ्या डिग्रीचाही पुढे वाटला नाही.

नात तिसरीत गेली आणि तू तिला पत्रं लिहायला लागलीस. फोनवर तुला ऐकू येत नसे, तिला मराठी वाचता येत नसे, तेव्हा इंग्रजीत पत्र हा तोडगा तूच काढलास. दोन फुलस्केप भरून, तुझ्या ठेवणीतल्या कर्सिव्हमध्ये. पहिलं पत्र मी तिच्या हातात दिलं. तिनं उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "इज धिस मराठी?" तिला शाळेत कर्सिव्ह शिकवलंच नव्हतं. तुला नुसतं कळवायचं होतं, अक्षरं सुटी सुटी काढ म्हणून. पण निवृत्तीनंतर तुझ्याजवळ मिरवायला तेवढंच उरलं होतं, माझी जीभ रेटेना. मग मीच वाचून दाखवायचे, तेही ऑफिसच्या दोन कॉलच्या मध्ये. दोन पानांचं दोन वाक्यांत उरकायचे. आजी म्हणते अभ्यास कर, आजी म्हणते दूध पी. अशा पत्राला कुठलं मूल उत्तर लिहील? "टुमारो, मॉम," म्हणून ती खेळायला पळायची. तू तिकडे पोस्टमनची वाट बघत असशील, हे डोळ्यांपुढे आलं की मला बसवत नसे. म्हणून उत्तरं मी लिहिली. डाव्या हातानं, म्हणजे अक्षर लहान पोरीचं दिसावं. कोपऱ्यात सूर्य काढायचे, खाली तिचं नाव घालायचे. अशी अकरा उत्तरं गेली, आणि मग तू गेलीस.

आता ती सतरा वर्षांची आहे. मार्चमध्ये लायसन्स काढायला गेलो, तिथे तिनं सही म्हणून नाव सुट्या अक्षरांत लिहिलं. काउंटरवरच्या बाईनं ते चालवून घेतलं. पण परतताना गाडीत ही म्हणाली, "मला शिकवशील? आय वॉन्ट टू रीड आजीज लेटर्स. स्वतः." नाही कसं म्हणणार? महिनाभर रोज जेवण झालं की किचनच्या काउंटरवर बसलो. मी तुझ्याइतकीच खेकसले. तिनं मात्र खेकसणं हसण्यावारी नेलं, आणि शिकली.

आज दुपारी तिनं तुझी पत्रं काढली. मी उगाच भांडी घासत उभी राहिले. ती मोठ्यानं, अडखळत वाचत होती. तू लिहिलं होतंस की तिचं पत्र तू शेजारच्या मावशींना वाचून दाखवलंस, की तिच्या वाढदिवसाच्या केकचं वर्णन वाचून तुला इतक्या दुरून तोंडाला पाणी सुटलं, की म्हातारीला न विसरणारी नात मिळायला नशीब लागतं. ती थांबली. तिचे डोळे भरले होते.

"आई, मी आजीला लिहायचे? मला आठवतच नाही. आय थॉट आय नेव्हर रोट बॅक. इतकी वर्षं मला त्याचं गिल्ट होतं."

नळ चालू होता. मी तो बंद केला. खरं सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता, आई.

"लिहायचीस की," मी म्हटलं.