२०५० पर्यंतचं पाणी

२ मार्च
आजपासून मी पाणीपुरवठा ऑफिसचा 'दीर्घकालीन जोखीम' अधिकारी. अख्ख्या सोलापुरात या विषयातलं कळणारा मीच. बाकीच्यांची नजर संध्याकाळच्या चहापलीकडे जात नाही. २०५० पर्यंतचा आराखडा दोन आठवड्यांत संपवायचा. संकल्प.

५ मार्च, स. ११
पंपावरचा चनबसप्पा आला. नोकरी एकोणतीस वर्षं, अक्कल तेवढीच जुनी. म्हणे, "साहेब, कुंभारीच्या लाइनीवर एकच पंप चालू हाय. दुसरा कवाचा बसलाय. ह्यो बी गेला तर वस्ती कोरडी. तेवडं लिवा की." समजावलं, दहा वर्षांच्या आतलं माझ्या टेबलावर येत नाही. "व्हय," म्हणाला आणि गेला. असल्या माणसांना अनिश्चितता म्हणजे काय हे कोण शिकवणार?

९ मार्च
एकूण ४१ जोखमी. धरणातला गाळ, लोकसंख्या, शेजारच्या राज्याशी वाद, भूकंप. लाल-केशरी-हिरवा तक्ता. केशरी मनासारखा जमायला दीड दिवस गेला. चनबसप्पाचा पंप एक्केचाळिसावा, हिरव्यात. लाल रकाना भरला होता.
घरचा नळ गळतो, असं बायको तिसऱ्यांदा म्हणाली. तिलाही लांबचा विचार जमत नाही.

१६ मार्च
प्रेझेंटेशन. तेविसाव्या स्लाइडला, सन २०४१मध्ये असताना, सगळ्यांचे फोन वाजले. कुंभारीच्या पंपाची मोटार जळाली. साहेबांसकट खोली रिकामी. उरलेल्या चौदा स्लाइड मी पूर्ण केल्या. शिस्त म्हणून.
खापर माझ्यावर फुटू नये. नोंद होती. हिरव्यात का असेना.

१७ मार्च
सगळ्यांना टँकर ड्यूटी. मलाही! साहेब म्हणाले, "तुम्ही जोखीमवाले ना? मग वस्तीवर जाऊन उभे राहा." गवयाला दवंडी पिटायला लावण्यातला प्रकार.

१९ मार्च, दु. ४
कुंभारीची वस्ती. घागरींची रांग, आरडाओरडा, नियोजन शून्य. नागव्वा नावाची विड्या वळणारी बाई पुढे आली. तीन दिवस रांगेत, विडीला हात नाही. पानं आदल्या दिवशी भिजवावी लागतात, आणि घरात पाणी एकच घागर. "सायेब, उद्या टँकर येतोय का? व्हय म्हनला तर पानं भिजवते. न्हाय तर पोरांना प्यायला ठिवते."
शक्यता सत्तर टक्के, म्हणालो.
"म्हंजी भिजवू का नको?"
एवढं सोपं उत्तर समजेना! चारचौघांत निर्णयक्षमता दाखवणं भाग होतं. भिजवा, म्हणालो.

२० मार्च, सायं. ६
टँकर आला नाही. मंद्रूपकडे वळवला म्हणे. मला कुणी कळवलंच नाही. या ऑफिसात कुणाला काही कळवायची पद्धतच नाही.
नागव्वाची दोन पोरं तांब्या घेऊन दारोदार फिरत होती. ती भांडली असती तर उत्तर तयार होतं: उरलेले तीस टक्के. ती उंबऱ्यात पानं कापत बसली होती. मी समोर पंधरा मिनिटं उभा. तिची कात्री चालूच.

२१ मार्च
मोटार रिवाइंडिंग होऊन आली. चनबसप्पा दोन दिवस घरी न जाता तिच्या मागे होता; बसवलीही त्यानंच. दुपारी नळाला बारीक धार लागली. मी तिथंच होतो.
पाणी परत कधी, हे बायका आता मला विचारत नाहीत. नळाशेजारच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं मोठ्ठा मोबाइल नंबर लिहिलाय. खाली नाव: चनबसप्पा.
आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मीही उतरवून घेतला.