बंडी ओटीवरच वाळणार

दहिवली,
ता. १४ मे, बुधवार

चि. योगेंद्र,

आशीर्वाद. सूनबाईलाही सांग. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण त्याची चौकशी तू फोनवर केली नाहीस, म्हणजे तुला तो बराच वाटत असेल. ऊन असं पडलंय की कोंबड्या सुद्धा दुपारी चोच उघडी टाकून बसतात. लाइट नेमकी जेवायच्या वेळेला जाते. रायवळ आंबा यंदा बरा लागला, अर्धा माकडांनी खाल्ला, उरलेल्याचं लोणचं घातलं. सूनबाईला हवं असेल तर बरणी पाठवून दे म्हणावं, रिकामी.

पत्र बघून हसशील. चौथीतून शाळा सुटलेली बाई पत्र लिहिते. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'अरे' म्हटलं की तू 'तुला काय कळतं' म्हणतोस आणि ठेवतोस. कागद मध्येच ठेवून देता येतो, पण मागे राहिलेलं खुणावत राहतं. धाकलूचा टेंपो रोज मोहोपाड्याला तुमच्या कॉलनीवरून जातो, त्याच्या हाती देते. उघडून वाचलंस तर टेंपो पंक्चर होईल असं सांगितलंय. तो मानतो.

तू फोनवर तीन गोष्टी सांगितल्यास. ओटीवरचं 'ते' काढ, लोक हसतात. मग 'ते' जाळून टाक. आणि रविवारी तू गाडी घेऊन येणार, समीक्षाला साडी नेसवून तयार ठेवायचं, खोपोलीचा मुलगा बघायला येणार आहे. तिन्हींना माझं उत्तर 'नाही' असं आहे. आता का ते वाच.

'ते' काय आहे, हे तुझ्या तोंडातून निघत नाही, म्हणून मी लिहिते. तुझं पोर छाती सपाट दिसावी म्हणून एक घट्ट कपडा घालतं. ते त्याला बाइंडर म्हणतं. मी बंडी म्हणते. तुझा बाप पण बंडी घालायचा, त्याच्या बंडीला खिसा होता आणि खिशात तंबाखू. हिला खिसा नाही. बाकी कापड चांगलं आहे.

शिमगा झाल्यावर पोर एक पिशवी घेऊन माझ्या दारात आलं. का आलं ते मी विचारलं नाही. आलेल्याला आधी पाणी द्यावं. मी पाणी दिलं, आणि विचारायचं बाजूला ठेवलं. मग ते भिसेगावला अब्बासच्या दुकानात लागलं, पंखे-मिक्सर दुरुस्तीला. अब्बास म्हणतो, "आजी, हात बसलाय पोराचा." वीस वर्षांचं पोर स्वतःचं कमावून खातंय, हे तुला कोणी सांगितलं नसेल, कारण ओटीवरची चिंधी सांगण्यात जास्त मजा असते.

एप्रिलात घरात वास यायला लागला. कुबट. मला वाटलं उंदीर मेला. कणगीच्या मागे काठी घातली तर काठीला माझीच जुनी साडी लागली, साडीखाली दोरी, आणि दोरीवर बंडी. ओली, गिळगिळीत. कडेला काळे ठिपके धरलेले.

असं वाळवायला त्याला कोणी शिकवलं? आपणच. माझ्या आईनं मला, मी सूनबाईला, सूनबाईनं त्याला. बाईचा आतला कपडा साडीखाली वाळवायचा, कोणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही. वरच्या साडीला वारा आणि खालच्याला अंधार. मग तो अर्धा ओला अंगात घालायचा आणि खाजवायचं, ते पण कोणी बघत नसेल तेव्हा. मला इतकी वर्षं वाटायचं की बाईच्या अंगाला खाज असतेच, म्हशीला असते तशी. आत्ता कळलं, खाज बाईला नव्हती. कपडा वाळत नव्हता.

मी ती बंडी बघितली आणि काठी बाहेर काढली. बोलले नाही. तिथे बोलायला हवं होतं. पोर ती ओली बंडी सकाळी चढवायचं आणि झोपताना पण काढायचं नाही, मी बघेन म्हणून. मग एक दिवस अब्बासच्या दुकानात, तापल्या पत्र्याखाली, हातात पंख्याचं पातं घेऊन आडवं झालं.

अब्बासनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मला बोलावणं पाठवलं. मी गेले तर सलाईन लावलेलं. पाठीला, काखेला घामोळं फुटून सालं निघालेली. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची असेल. तिनं आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "घालायला हरकत नाही. पण कोरडी हवी, स्वच्छ हवी. दिवसभर नाही, काही तासच. झोपताना नाही. जीव गुदमरला की लगेच काढायची. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यायचं. आणि हे बरं होईपर्यंत अजिबात घालायची नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, घरात काढायची भीती वाटली तर पोर कसं काढेल?"

 

घरी आल्यावर मी म्हटलं, "आण इकडं. मी धुते."

"आजी, नको. ती वेगळी धुवावी लागते."

"पन्नास वर्षं धुणं धुतेय मी. तू मला धुवायला शिकवतेस?"

पाणी उकळलं, सोडा टाकला, बंडी दगडावर घेतली आणि धोपाटणं चालवलं. पोर आतून धावत आलं. "आजी, आपटू नको गं! मरंल ती!" जसं काय मी मांजर धरलं होतं. तोवर व्हायचं ते झालं होतं. वाळल्यावर ती बंडी माझ्या अंगात पण सैल झाली असती. पोरानं स्वतःच्या पगारातून नवीन दोन मागवल्या. मला एक शब्द बोललं नाही. तू असतास तर आठ दिवस तोंड फुगवून बसला असतास.

आता कशी धुवायची ते सांगते, नीट वाच, कधी तुझ्यावर वेळ येईल. पाणी गार. सोडा नाही, डाग जाण्याची पावडर नाही, मशीन तर नाहीच. रिठे रात्री भिजत टाकायचे, सकाळी कुस्करून गाळायचे. त्या फेसात बंडी बुडवून हातानं दाबायची, तान्ह्याची टोपडी धुतो तशी. काखेत आणि पाठीत घाम मुरतो, तिथे बोटं फिरवायची, ब्रश नाही. दोन पाण्यातून काढायची, साबण राहिला तर अंगाला लागतो. पिळायची नाही. पंच्यात गुंडाळून वरून दाबायचं, पंचा पाणी पितो. उन्हाळ्यात घातली की धुतली, उद्यावर टाकायची नाही. म्हणून दोन लागतात, एक अंगात, एक दोरीवर.

आणि उन्हात वाळवायची नाही. वैशाखातलं ऊन रबर खातं. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर तुझी चड्डी घसरली होती, ती कशानं? मी परसात कडक उन्हात वाळवायची म्हणून. तेव्हा कळलं असतं तर तुझी अब्रू वाचली असती.

सावली पाहिजे आणि वारा पाहिजे. तू ह्याच घरात वाढलास, तूच सांग. परसात दिवसभर ऊन. माजघरात सावली, पण वारा मेलेला. दोन्ही एका ठिकाणी कुठे? ओटीवर. ओटी रस्त्याला लागून आहे, त्याला मी काय करू? घर तुझ्या आज्यानं बांधलं, त्याला विचार.

पहिल्या दिवशी मी सुद्धा वरून पंचा टाकला. हाताची सवय. मग दोरीकडे बघितलं. शेजारी तुझा एक जुना बनियन फडफडत होता, भोकं पडलेला, सगळ्या गावादेखत. त्याच्यावर कोणी कधी काही टाकलं नाही. मी पंचा ओढून काढला.

तेवढ्यात समोरची सुंदरा आली. पायरीवर एक पाय ठेवून उभी.

"काकी, ह्ये काय वाळत घातलंय गं समोरच?"

"बंडी."

"कोनाची?"

"माझ्या नातवाची."

"आँ? तुला नातू कवा झाला? आमाला पेढा नाय मिळाला."

"वीस वर्षं झाली. तवा चुकून जिलेबी वाटली. पेढ्याचं ऱ्हायलंय, दीन तुला."

"काकी, लोकं काय म्हनतील?"

"लोकांच्या दोरीवर काय काय वाळतं ते मी रोज बघतेय. तुज्या नवऱ्याच्या लेंग्याला मागं भोक हाय. मी कधी बोलले?"

ती फणकाऱ्यानं गेली. घरात जाऊन तिनंच तुला फोन लावला असणार. बरं झालं, माझा फोनचा खर्च वाचला.

त्या दिवशी मी नातू बोलून गेले. सुंदराची जिरवायला बोलले होते, खरं सांगते. पण पोर दाराआड उभं होतं, त्यानं ऐकलं. संध्याकाळी न सांगता घागरी भरून आणल्या आणि मला म्हणालं, "आजी, माझं नाव समीर हाय." मी म्हटलं, "बरं. भाकरी खातोस का?" एवढंच झालं. तुम्ही लोकं उगाच डोंगर करता. आधी मी समे अशी हाक मारायची, आता सम्या मारते. चुकते कधी कधी. तो हसतो.

आता तो दुपारी कामावरून जेवायला आला की आल्या आल्या बंडी काढतो, सैल सदरा घालतो आणि पंख्याखाली पडतो. रात्री तर काढतोच. घामोळं गेलं. पाठीला पावडर मी लावते.

आता जाळायचं बघू.

त्याच्याकडे आणखी एक बंडी आहे. पिशवीतून आणलेली, पहिली. ती धुवायला घेतली तर समोरून गळ्यापासून खालपर्यंत काळ्या दोऱ्यानं शिवलेली, पोतं शिवतात तसे टाके. मी विचारलं, तर म्हणाला, उसवली. पण उसवलेलं शिवणीवर उसवतं, आणि फाटलेलं वाकडं फाटतं. हे सरळ होतं. कात्रीनं कापलेलं. भाताच्या पोत्याचं तोंड कापतात तसं, एका दमात.

मग पावडर लावताना मी त्याच्या गळ्याखाली वण बघितला. मधोमध, बोटाच्या पेराएवढा. टाके जिथे सुरू होतात, नेमका तिथे.

योगेंद्र, तू कात्री चालवलीस तेव्हा बंडी दोरीवर नव्हती. पोराच्या अंगात होती.

त्यानं मला सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा म्हणाला, "पप्पा रागात होते, आजी, जाऊ दे." अजून तुला सांभाळून घेतोय. मला मात्र सांभाळून घेणं जमत नाही, ते मी तुझ्या बापाला पण कधी घेतलं नाही. सूनबाई तेव्हा घरात होती की नाही, ते तिनं मला तोंडावर सांगावं. असेल तर तिनं तुझा हात का धरला नाही, ते पण.

तू मला जाळ म्हणालास. त्या शिवलेल्या बंडीला मी काडी लावणार नाही, आणि बाकीच्या दोन रोज रिठ्यात धुणार. हे उत्तर झालं.

आता रविवार. तुझा फोन झाल्यावर सम्यानं पिशवी भरली. म्हणाला, "मी पुण्याला जातो, एक मित्र हाय तिथं. पप्पा आले की तुला तरास होईल." ऊन डोक्यावर, खिशात पाण्याची बाटली नाही, आणि हा चालला पुण्याला. मी पिशवी हातातून घेतली आणि दोरीवर सगळे कपडे एकेक करून टाकले, कोरडे होते तरी. म्हटलं, "वाळू दे. वाळले की बघू." तो बघत बसला. रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय. पुढचं तुझ्यावर आहे. तू जसा येशील तसा तो राहील नाहीतर जाईल. आणि गेला तर परत येणार नाही, मी त्याला ओळखते. तू पण एकदा गेलास की मागे बघत नाहीस, त्याच्यात हे कुठून आलं ते कळतंच.

म्हणून येणार असशील तर असा ये. खोपोलीच्या मुलाला सांगून टाक की इथे मुलगी नाही. मामा-काका कोणाला गाडीत भरून आणू नको. सूनबाईला आण. अंगणात उभा राहून हाक मार, आणि नावानं मार, त्याचं जे नाव आहे त्या नावानं. दुसऱ्या नावाला आत कोणी नाही. दुसरं नाव ऐकू आलं तर मी बाहेर येईन, आणि मी बाहेर आले की काय होतं ते तुला लहानपणापासून माहीत आहे, गुडघा दुखत असला तरी.

नीट हाक मारलीस तर कोंबडी करीन. जेवण झाल्यावर त्याच्यासमोर बस आणि त्या वणाचं काय ते बोल. मी मध्ये पडणार नाही. माफी कशी मागायची ते मी तुला शिकवलं नाही, कारण मलाही येत नाही. तुझं तू शीक. तो ऐकेल, त्याच्यात माझं रक्त कमी आहे.

आणि जमत नसेल तर येऊ नको. मोहोपाड्यातच बस, फोन करू नको. मी जिवंत आहे तोवर हे दार त्याचं आहे, मेल्यावरही त्याचंच राहील अशी सोय मी करते आहे. मुलाशिवाय मला राहता येईल. तुझ्या बापाशिवाय राहिले, तेव्हाच सवय झाली.

कळावे.

समीरची आजी,
आनंदीबाई