इंदूच्या शेवंतीचा काठ

शहापूर,
कार्तिक शुद्ध सप्तमी, शके १८६०

चि. सौ. इंदूस, थोरल्या जावेचा मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सातवा लागतोय हे वाचून डोळं भरलं गं. लग्नाला नऊ वर्षं झाली, देवानं एकदाचं ऐकलं. सुबराव भावजींना सांग, वखारीतनं आल्याबरोबर आंघोळ करा, तंबाखूचा वास तुला सोसणार न्हाय. दरवेळी मी माझ्या शामूकडून लिहून घेते, आज माझ्या हातानं लिहिते. चौथीच शिकले, अक्षर सांभाळून घे.

डोहाळजेवणाला जांभळ्या शेवंतीची वाडी भरायची हौस आहे, आपलं झाड कसं आहे, असं विचारलंस. यंदा श्रावणात पाऊस लई लागला. घरामागच्या परड्यात पाणी तुंबलं आणि झाड कुजलं. तुझ्या भरमूदादाकडं कॅम्पात पण जाऊन आले. तो ज्या बंगल्यात माळीकाम करतो, तिथल्या मडमेला आता पांढरीच फुलं पाहिजेत म्हणं. जांभळी जुनी झाली म्हणून तिनं सगळी उपटायला लावली. शेजारची जयाबाई म्हणते, फुलांची पण आता साड्यांगत चाल बदलायला लागली.

खरंच आहे ते. माझी पिवळी शेवंती आठवती का तुला? दिवाळीला अख्खी गल्ली माझ्या दारात यायची. तू कॅम्पातनं जांभळीची ती एक काडी आणून लावलीस आणि पोरींनी माझ्याकडं बघायचं सोडलं. गेल्या साली दिवाळीला माझी फुलं झाडावरच वाळली.

तेवढं मी सोसलं असतं. पण आमच्या ह्यांनी मलाच पाठवलं, इंदूकडनं एक फूल मागून आण, तसा काठ विणून बघतो म्हणून. माझ्या हातानं मी ते आणलं. काठ निघाला आणि पेठेत जो तो जांभळाच मागायला लागला. माझ्या आवडीचे पिवळे काठ घडीतच राहिले. हे मात्र म्हणत, फुलाच्या रंगाला अजून काठ पोचला न्हाय. त्याला नावसुद्धा ठेवलं, ‘इंदूचा काठ’. सोळा वर्षं मी पिवळं फूल माळून ह्यांच्या मागाशेजारी सुताच्या कांड्या भरते. एकदा तरी मान वर केली का ह्यांनी?

मग मी उरलेलं रंगाचं पाणी महिनाभर माझ्या पिवळीच्या बुडात ओतलं. सूत पितं तसं झाडही रंग पिईल असं वाटलं. विणकराच्या घरची अक्कल, दुसरं काय. फुलं पिवळीच आली, पानं तेवढी करपली. हे म्हणाले, “फूल म्हणजे सूत वाटलं व्हय तुला?” तू पण हसलीस. ते हसणं मी विसरले न्हाय.

इंदू, वर लिहिलं ते खोटं आहे. झाड पावसानं कुजलं न्हाय.

चैत्रात निपाणीला जाताना तू माझा हात धरून म्हणालीस, “आक्का, झाड तुमच्या पदरात घालते.” श्रावणात त्याला वीतभर फुटवे आले आणि त्याच दिवशी पेठेतनं आणखी बारा जांभळ्या काठांची मागणी आली. सूत उकळायचं सोड्याचं पाणी चुलीवर होतं. ते गरमच नेऊन बुडात ओतलं. एकदा न्हाय, दोनदा. ह्यांना पावसाचंच सांगितलंय.

तुझं पत्र आल्यापासनं घास गोड लागत न्हाय. पोटुशीचे डोहाळे मोडू न्हायत, हे मला कुणी शिकवायला पाहिजे का? शेवटी सूत घेतलं आणि रंगाची हंडी चुलीवर चढवली. समोर नमुन्याला एक पाकळीसुद्धा नव्हती. तिसऱ्यांदा बुडवून सूत उन्हात धरलं, तर हे मागावरनं उठून आले. “हाच गं तो रंग. मला वर्षभर जमला न्हाय, तुला कसा जमला?”

मी सूत दोरीवर वाळत टाकलं. त्यांनी ते फूल एकदा बघितलं होतं. मी दोन हंगाम रोज बघत होते, आणि रोज जळत होते.

त्या सुताची साडी मागावर आहे. फुलं देऊ शकत न्हाय, ही नेसून वाडीला बस. तुला लई शोभेल, आणि ते बघून माझ्या पोटात दुखेल, खोटं कशाला सांगू. एवढं कळल्यावर ओटी भरायला मी यावं का नको, ते तू लिही. तू नको म्हणालीस तर साडी शामूच्या हाती येईल.

जिच्या पदरात झाड घातलं होतंस, ती
तुझी आक्का,
मनुबाई