डल्सीची दोरी

डल्सी,

सूप चुलीवर ठेवलंय. तळाला लागलंय, माझ्यामुळेच.

परवा लाकडं बांधायला तुझी कपड्यांची दोरी काढली आणि वर तुझ्यावरच ओरडलो, "कपडेच आहेत, मिरवणुकीचे झेंडे नाहीत!" तू गपचूप खुर्च्यांवर धुणं पसरलंस. दोन शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

आज धक्क्यावर अँब्रोज विचारतो, "काय रे सिरिल, डल्सी आजारी आहे का?"

"धडधाकट आहे. का?"

"तिची दोरी दिसली नाही. मासे घेऊन परत येताना किनाऱ्याच्या टोकाला वळसा घातला, की आम्ही सगळे आधी तीच बघतो. निळे कपडे, मग हिरवे, पिवळे, शेवटी लाल. कसं ओळीनं लावते! धुक्यातून ते रंग दिसले की वाटतं, आलो घरी."

मी सांगितलं, दोरी मीच काढली.

"मग गाढव आहेस तू," म्हणाला. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. चाळीस वर्षं त्या दोरीखालून वाकून, तिला शिव्या घालत जातोय मी. तू रंग बघून लावतेस, हे मला अँब्रोजनं सांगावं?

नवी दोरी ताणून बांधलीय. खुर्च्यांवरचं धुणं अजून दमट आहे. मी अँब्रोजच्या बोटीतून जातोय. तीनच्या सुमाराला टोकाला वळसा घालू.

वाटलं तर लाव. नाहीतर रिकामी दोरी बघेन, तीही माझ्याच कर्माची.

चुकलो गं.

सिरिल