नलूच्या गाडीची बॅटरी

१५ नोव्हें., शनिवार
किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली, तर तेवढंही नाही. गाडी बावीस दिवस उभी. नलूला जाऊनही बावीसच.
दर शनिवारी ती आईकडे जायची. सासूबाई एकट्या, खालापूरच्या अलीकडे, गाव बरंच आत, एस.टी. फाट्यावर सोडते. औषधं, किराणा, भाजी घेऊन नलू गाडी चालवणार, मी शेजारी बसणार. लायसन्स आहे माझ्याकडे, दर्शनी.
संध्याकाळी मेव्हण्याचा पनवेलहून फोन. "भावोजी, तुमच्याच्यानं नाही व्हायचं. आईला इकडेच आणतो कायमची." दोन शनिवार दे म्हटलं. "एक देतो." त्याचंही चुकत नाही. पण…

१६, रवि.
सासूबाईंना फोन.
"काल येनार व्हते ना तुमी?"
गाडी बंद पडली म्हणालो.
"मंग चालू करा." थोड्या वेळाने, "पनवेलला नाय जायचं मला. तिथं दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार."
शनिवारी येतो म्हणून बसलो.

१७, सोम.
दहिवलीच्या गॅरेजमधून सलीमभाईंना आणलं. पंचवीस वर्षं तालुक्याच्या साप्ताहिकात अपघातांच्या बातम्या लिहितोय, पण बॉनेट कुठून उघडतं ते आज कळलं.
सलीमभाई वाकून बराच वेळ बघत राहिले. "सर, बॅटरीवर हे काय?"
हळद-कुंकू. दोन्ही टोकांवर थरावर थर, त्यात हिरवट पांढरा क्षार. खंडेनवमीला सगळे गाडीला हार घालतात. नलू बॉनेट उघडून बॅटरीची पूजा करायची, पाणी शिंपडून, रीतसर. "जीव तिच्यात आहे, बाकी पत्रा," म्हणायची. मी मागे उभा राहून मंत्र म्हणायचो, त्यातल्या त्यात आखूड. एवढं संस्कृत शिकून बॅटरीला पाणी चालत नाही हे माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. आमचं लग्न टिकलं ते बहुधा अशाच गोष्टींवर.
"करंट पोचतच नाय. पाच मिनटांत घासून देतो."
नको, मी करतो म्हणालो. सलीमभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात पुसले. रीत सांगितली: आधी काळी वायर सोडायची, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा, ब्रशने घासायचं, कोरडं करायचं. लावताना आधी लाल, मग काळी. आवाहन एका क्रमाने, विसर्जन उलट्या. हे मात्र चटकन डोक्यात शिरलं.

१८, मंगळ.
पाना सापडला नाही. म्हणजे सापडला. बाहेर गेलो नाही.

१९, बुध.
बॉनेट उघडलं. कुंकवात बोटाचा ठसा आहे. कुंकू ती अनामिकेने लावायची.
बॉनेट लावलं.

२०, गुरु.
घरात जुना ब्रश एकच होता, नलूचा दातांचा. तो नको. बाजारातून नवा आणला.
सोडा ओतला तसा फेस आला, पाणी लाल होऊन चाकापाशी साचलं. वाटलं होतं घासावं लागेल, हात दुखतील. दोन तांब्यांत सगळं साफ.
वायरी लावल्या. किल्ली फिरवली. दिवे मिणमिणले, इंजिन कण्हलं आणि गप्प.

२१, शुक्र.
जंपर केबल आणली. शेजारच्या भगवानचा टेंपो भाताच्या पोत्यांच्या फेरीवर. "सकाळी लवकर लावू, शास्त्री." आळीत बारावीला संस्कृत घेतलं की जन्मभर शास्त्री, त्यापुढे शिकलेलं फुकट.
मेव्हण्याचा मेसेज: उद्याचं काय? "येतोय" लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

२२, शनि.
फेरी लांबली, भगवानने दुपारी टेंपो नाकाला नाक लावून उभा केला. लाल चिमटे मीच लावले. आधी आमची बॅटरी, मग त्याची. काळा त्याच्या बॅटरीला, दुसरा आमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला.
"एवढं जपून कशाला? बारा व्होल्ट हाय ती, सासू नाय."
लागली. घरघर ऐकून आतून कुणी पर्स घेऊन येईल अशी उगाच…
सलीमभाई फोनवर म्हणाले, "तासभर पळवा, मधी बंद करू नका. जुनी हाय, परत उठंल का सांगता येत नाय."

संध्याकाळी, सासूबाईंच्या ओटीवर.
पळसदरी मागे टाकून पाऊण तासात पोचलो. गाडी फाटकाशी चालूच ठेवली, पिशव्या ओटीवर आणून दिल्या आणि परत फाटकाशी उभा.
"बंद करा की ती."
बंद केली तर चालू होईलच असं नाही म्हटलं.
"मंग ऱ्हावा हितंच." चहा त्यांनी ओटीच्या कडेवर ठेवला. केस सुटलेले, गुंतलेले. हात खांद्याच्या वर जात नाहीत, वेणी शनिवारी नलू घालायची. फणी हातात घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं आणि फणी पदराखाली घेतली. जावयाला कसं सांगणार?
"शेजारची करील. जावा तुमी, येळ होईल."
गाडीपाशी गेलो. किल्ली काढली. फार शांत झालं सगळं.
वेणी वाकडी झाली. त्यांनी चाचपून पाहिली. "नलूची मी अशीच घालायचे. शाळेच्या घाईत."
मेव्हणा पाचला फोन करणार आहे, घरी पोचलात का म्हणून. पावणेपाच झालेत. सासूबाई म्हणतात, बघा तरी फिरवून.
चहा संपला की बघतो म्हणालो. चहा केव्हाच संपलाय.