खालची डावी दाढ

१ जानेवारी, बुधवार

वजन एक्याण्णव! काटा बिघडलाय म्हणालो, तर आवडाबाई स्वतः त्यावर उभ्या राहिल्या. त्यांचं बरोबर आलं. वीस वर्षं माझ्या क्लिनिकमध्ये मदतनीस आहेत, त्यामुळे माझ्या तोंडावर हसायला त्यांना परवानगी लागत नाही.

आमच्या डेंटिस्टांच्या ग्रुपवर नवं खूळ — सव्वीस जानेवारीला सगळ्यांनी देवगिरीचा किल्ला चढायचा, पार वरपर्यंत. ‘फिट डेंटिस्ट’ म्हणे! ठरवणारी सगळी काल-परवा पास झालेली पोरं, पोटं सपाट. एकानं लिहिलं, ‘सूर्यभान सर, तुम्ही खाली गाड्या सांभाळा.’ लगेच नाव नोंदवलं.

खरं कारण वेगळंय, ते इथं लिहायला हरकत नाही. माझे वडील, अण्णा, चोपन्नाव्या वर्षी गेले. गंगापूरच्या घरी सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत नव्हते. मला मार्चमध्ये चोपन्नावं लागतं. भीती वाटते. किल्ला चढलो तर ती जाईल, असं उगाच वाटतंय.

२ जानेवारी

गोगाबाबा टेकडी. अर्ध्यातच धाप लागली. एक आजोबा मला ओलांडून गेले, वर ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले. आगाऊ म्हातारा!

परत येताना गुलमंडीवर इमरती. एकच. (दोन.)

४ जानेवारी, शनिवार

ग्रुपवर त्या पोरांचे सल्ले — पाठ सरळ ठेवा, दर तासाला उठा, पाणी प्या, वेळेवर जेवा. अरे बाबांनो, दाढेच्या पार मागच्या मुळात सुई घातलीय, पेशंटचे डोळे पांढरे झालेत, तेव्हा ‘थांबा हां, माझी पाणी प्यायची वेळ झाली’ म्हणू? पंचवीस वर्षं उजवीकडं वाकून लोकांच्या तोंडात बघतोय. आता झोपतोही तसाच वाकडा. जेवण साडेतीनला, उभ्यानं. पेशंटला ‘गोड बंद, बिस्किटं बंद’ असं दरडावतो आणि मागच्या खोलीत जाऊन चहात खारी बुडवतो.

आजपासून बायकोनं — सिंधूनं — डब्यात मोड आलेली मटकी दिली. कच्ची. आवडाबाईंनी झाकण उघडून पाहिलं. म्हणाल्या, ‘सर, कुठं शर्यतीत पळवनार हायत का तुमाला?’

७ जानेवारी, मंगळवार

टेकडीच्या चढावर खालची डावी दाढ ठणकली. कानापर्यंत कळ. थांबलो — गेली. पुन्हा चढलो — पुन्हा आली.

माझी दाढ! बत्तीसच्या बत्तीस शाबूत असलेला या शहरातला मी एकटा डेंटिस्ट असेन. रोग लगेच ओळखला. चढावर तोंडानं श्वास घेतो, जानेवारीची गार हवा दाढेला लागते. थांबलं की तोंड मिटतं, दुखणं राहतं. दाढेला बारीक तडा असणार. दुसऱ्या कुणाला हे दोन मिनिटांत कळलं नसतं.

९ जानेवारी

मफलर तोंडावर बांधून चढलो. लोक दरोडेखोर समजून बाजूला झाले. दाढ ठणकलीच.

सिंधू म्हणाली, ‘अहो, एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा ना.’ मोठ्या! मग मी कोण, न्हावी? सव्वीस वर्षांचा संसार झाला आणि बायकोच्या लेखी मी अजून लहान डॉक्टर. रात्री मटकी न बोलता खाल्ली.

१२ जानेवारी, रविवार

रामकिसनच्या फुलंब्रीच्या शेतावर हुरडा. रामकिसन म्हणजे कॉलेजपासूनचा मित्र, तोही डेंटिस्ट, पोट माझ्यापेक्षा मोठं. किल्ल्याचं नाव काढलं तर म्हणाला, ‘मी नाय बा. मला वरून शहर बघायची हौस नाय.’

गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मुद्दाम डावीकडून चावला. दाढ गपगार! लबाड आहे. आराम असला की बरी, कामाला लावलं की कुरकुर. सरकारी नोकरीत शोभली असती.

रामकिसनला म्हणालो, उद्या रूट कॅनाल करून टाक. किल्ल्याला दोन आठवडे राहिलेत.

१३ जानेवारी

आम्ही डेंटिस्ट एकमेकांचे पेशंट कधीच नसतो. केसपेपर नाही, तपासणी नाही, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात खुर्चीत घुसायचं आणि हुकूम सोडायचा. रामकिसननं एक्स-रे काढला. बराच वेळ बघितला.

‘अबे सूर्या, एकदम साफ आहे की. कायको मारू याची नस?’

‘तडा फोटोत दिसत नसतो. कर तू.’

‘तुझं तोंड, तुझी मर्जी.’ केलं बिचाऱ्यानं. भूल उत्तम देतो, हे मान्य करायला पाहिजे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ उजवीकडून खाल्ला. वजन नव्वद! (सकाळी, उपाशी, चष्मा काढून.)

१७ जानेवारी, शुक्रवार

ठणकली. त्याच चढावर, त्याच जागी. नस मारलेली दाढ! मेलेलं माणूस उठून शिव्या द्यायला लागलं तर कसं वाटेल, तसं झालं. बाकावर बसलो, दोन मिनिटांत थांबली.

मुळातली एखादी नळी भरायची सुटली असणार. रामकिसनला फोनवर झापलं. तो म्हणाला, ‘आरे, चारी नळ्या भरल्यात, माझ्या आईची शपथ.’

दहा दिवसही राहिले नाहीत. पुण्याहून लेकीचा फोन आला — ‘बाबा, वर पोचलात की व्हिडिओ कॉल करा, मी सगळ्या हॉस्टेलला दाखवणार आहे.’ आता माघार घेता येत नाही. आणि घ्यायचीही नाही.

१९ जानेवारी, रविवार

काढली.

रामकिसन तयार नव्हता. पक्कड हातात घेऊन उभाच राहिला. म्हणाला, ‘विचार कर. दाढ चांगलीय रे.’ मी म्हणालो, तू काढतोस की मी आरशात बघून काढू? मग काढली. कापसावर ठेवून दाखवली — पांढरीशुभ्र, सरळ मुळं, तडा कुठंच नाही. डोळ्यांत पाणी आलं. भूल दिलेली होती, म्हणजे दुखल्याचं नव्हतं.

लोकांना सांगतो, दात वाचवा, काढायची घाई करू नका. मास्क असतो ते बरं.

२० जानेवारी

आवडाबाईंना कळलंच. दिवसभर माझ्याकडं बघून स्वतःच्या गालाला हात लावत होत्या.

२३ जानेवारी, गुरुवार

टेकडी. अगदी सावकाश गेलो. तरी दुखलं. दाढ नाही आणि दाढेच्या जागी दुखतंय! जखम ओली आहे, दुसरं काय. थांबलं की राहतं ना, मग झालं. रविवारी दर वळणावर फोटो काढायच्या निमित्तानं थांबत थांबत जाईन. नवे बूट आणले. सिंधूनं टोपी धुऊन वाळत घातलीय.

२५ जानेवारी, शनिवार

द्वारकाबाई आल्या. हर्सूलच्या, साठीच्या. खुर्चीत टेकायच्या आधीच — ‘डाक्टर, ही दाढ काढूनच टाका. वझं घेऊन चढाला लागलं की लई ठणकती. खाली बसलं की राहती.’

ठोकून पाहिली. चांगली. शेजारच्याही चांगल्या. खाताना दुखते?

‘नाय. खाताना काय बी नाय.’

मी माझ्या नेहमीच्या मोठ्या आवाजात सुरू झालो. मावशी, चढावर दुखतं आणि थांबलं की राहतं, ते दाताचं नसतं. हृदयाचं दुखणं असं जबड्यात येतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं हे. चांगली दाढ काढून काय उपयोग —

मास्कच्या आत जीभ त्या खड्ड्यात गेली होती. आवडाबाई माझ्याकडंच बघत होत्या. या वेळी हसल्या नाहीत.

ईसीजीची चिठ्ठी लिहिली. मग दुसरी लिहिली.

‘दुसरी कुनाची?’ द्वारकाबाईंनी विचारलं.

‘माझी. चला मावशी, एकाच रिक्षात जाऊ.’

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. त्या आत गेल्यात. पुढचा नंबर माझा. सिंधूला फोन केला. ‘आलेच’ म्हणाली.